रिकामा बाक

रविवारी सकाळी आमच्या देवळाची पहिली घंटा नऊ वाजता होते आणि दुसरी साडेनऊला. पहिल्या घंटेला घरोघरी धांदल सुरू होते. दुसरी झाली की गल्लीगल्लीतून माणसे पवित्र शास्त्र आणि गीतांचे पुस्तक काखेत मारून झपाझप चालू लागतात. ‘देऊळ’ म्हटले म्हणून वाचकांनी बुचकळ्यात पडू नये. आम्ही नगरचे ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणत आलो आहोत. २०२४ साली शहराचे अहमदनगर हे नाव जाऊन अहिल्यानगर झाले. पण माझ्या आजीच्या तोंडी अजून ‘नगर’च आहे आणि चर्च हे ‘देऊळ’च.

या देवळात डाव्या हाताला, पेटीच्या अगदी मागे, एक बाक आहे. तो आमचा बाक. आम्ही म्हणजे चौघे. माझी एक मैत्रीण पेटी वाजवायची. एक मित्र तबल्यावर बसायचा. दुसऱ्याकडे घंटा वाजविण्याचे काम होते. दुसरी घंटा देऊन तो धापा टाकीत यायचा आणि बाकाच्या कडेला अंग चोरून बसायचा. राहिले मी. मला वाद्य येत नव्हते. मी गायची. शब्बाथशाळेत, म्हणजे आमच्या रविवारच्या शाळेत, आम्ही एकत्र वचने पाठ केली. नाताळच्या आदल्या रात्री कंदील घेऊन घरोघर गात फिरलो, चहा पिऊन पिऊन पोटे बिघडवून घेतली. उपदेश लांबला की पाळकसाहेबांचा आवडता शब्द किती वेळा येतो हे बोटांवर मोजले. त्या बाकाच्या पाठीवर चौघांच्या नावांची आद्याक्षरे कुणीतरी कर्कटकाने कोरली आहेत. कुणी, ते इथे सांगत नाही!

आज त्या बाकावर मी एकटी बसते.

माणसे देवळापासून दूर जातात ती एका दिवसात नव्हे, आणि सगळी एकाच कारणाने तर नव्हेच. हे मला आज समजते. त्या वेळी मात्र मी सगळ्यांना एकाच मापाने मोजले. ‘यांचा विश्वास थंडावला’, असे म्हणून मी मोकळी झाले.

पहिली गेली ती पेटीवाली मैत्रीण. २०२१ च्या एप्रिलमध्ये, करोनाची दुसरी लाट ऐन भरात असताना, तिच्या थोरल्या भावाला दवाखान्यात न्यावे लागले. देवळे बंद होती. आम्ही फोनवर साखळी प्रार्थना केली. एकाने संपविली की दुसऱ्याने सुरू करायची, अशी रात्रंदिवस. नवव्या दिवशी तो गेला. पुढे महिनाभराने प्रार्थनेसाठी काही मंडळी त्यांच्या घरी जमली. तेव्हा एका वडीलधाऱ्या व्यक्तीने तिच्या आईला सांगितले, “आपलाच विश्वास कुठंतरी कमी पडला, बाई.” माउलीने मान खाली घातली. मैत्रिणीने मात्र मान वर करून एकेकाच्या तोंडाकडे पाहिले. शेवटी माझ्याकडे पाहिले. मी त्या खोलीत होते आणि मी गप्प बसले. मोठ्यांच्या मध्ये कसे बोलावे, असा विचार मी केला. आजही तो विचार आठवला की मला पेत्राची आठवण होते. शेकोटीपाशी हात शेकत बसलेल्या त्या शिष्याला एका दासीने विचारले आणि त्याने आपल्या गुरूला ओळख दिली नाही. मी तर कुणी विचारण्याआधीच गप्प बसले होते.

देवळे पुन्हा उघडली तेव्हा पेटीवर दुसरे कुणी नव्हते. ती झाकून ठेवलेलीच राहिली.

घंटावाला गेला तो पोटासाठी. आय.टी.आय. झाले आणि त्याला सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत काम मिळाले. पाळी आठवड्याला बदलायची, आणि सुट्टी मिळाली तर ती रविवारीच मिळेल असे नाही. घरी तो एकटा मिळवता. सुरुवातीला फोनवर म्हणायचा, “पुढच्या रविवारी नक्की.” मग तसे म्हणणेही थांबले. ऐहिकाच्या मागे लागला, असा निकाल मी मनातल्या मनात देऊन टाकला. माझ्या वडिलांना कायमची नोकरी आहे आणि त्यांना दर रविवारी सुट्टी असते, ही गोष्ट त्या निकालपत्रात मी कुठेच नोंदवली नाही!

तबलेवाल्याची कथा निराळी आहे, आणि माझा खरा अपराध तिथेच आहे.

त्याच्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला होता. पणजोबांच्या सख्ख्या भावाच्या घरच्यांनी १९५६ नंतर बाबासाहेबांच्या मागोमाग बौद्ध धम्म स्वीकारला. दोन्ही घरे एकाच गावात, एकाच वस्तीत, एकाच हातपंपावर पाणी भरणारी. गावच्या लेखी दोन्ही घरांची जात एकच. सरकारच्या लेखी मात्र नाही. अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने हा दर्जा प्रथम हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली त्यात शीख आले, १९९० साली बौद्ध आले. ख्रिस्ती झालेले दलित बाहेरच राहिले. बारावीनंतर त्याच्या भाऊबंदांतला एक मुलगा शिष्यवृत्ती घेऊन पुण्याच्या वसतिगृहात गेला, आणि त्याच्याहून जास्त गुण मिळवलेला आमचा तबलजी झेरॉक्सच्या दुकानात कामाला लागला. बाहेरून बी. कॉम. करू लागला. एकदा तो मला म्हणाला, “आमची जात गाव विसरलं नाही, शाळा विसरली नाही. विसरलं ते फक्त सरकार. आणि देवळात तर जात नाहीच म्हणतात! मग मी कुठं जायचं?”

मग कुणीतरी त्याला वाट सुचविली. कागदोपत्री धर्म बदल, दाखला काढ. तो विचारात पडला आणि रविवारी येईनासा झाला. ज्या देवळाचे नाव कागदावर नाकारायचे, त्याच देवळात येऊन तबला कसा वाजवू, असे त्याचे म्हणणे. त्यात एक प्रकारचा प्रामाणिकपणा होता. मला तो तेव्हा दिसला नाही. एका संध्याकाळी दुकानात जाऊन, गिऱ्हाइकांच्या देखत, मी त्याला म्हणाले, “एसावाने डाळीच्या वाटीसाठी ज्येष्ठपणाचा हक्क विकला होता. तू दाखल्यासाठी विकतोस.”

तो यंत्रातून निघणारे कागद गोळा करीत होता. हात न थांबवता तो म्हणाला, “माझी आई वीस वर्षं लोकांच्या घरी डाळ शिजवतेय. ती वाटी किती जड असते, तुला काय माहीत?”

मी घरी आले. त्या रात्री मला प्रार्थना करता आली नाही. राग आला होता, आणि रागाचे खरे कारण ठाऊक होते: त्याचे उत्तर मला पटले होते.

त्यानंतरचे सगळे वर्ष मी देवळात नियमाने गेले. एकही रविवार चुकविला नाही. लोक कौतुक करीत. “चौघांत तूच टिकलीस गं,” असे म्हणत. ते ऐकून बरे वाटे. आणि खरे सांगायचे तर त्या बरे वाटण्यावरच मी जगत होते. आत काही नव्हते. गीत सुरू झाले की माझे डोळे पुस्तकावर आणि लक्ष बाकाच्या रिकाम्या जागेवर. उपदेशात विश्वासत्यागाचा उल्लेख आला की मला ती तीन नावे दिसत. आपण देवापाशी बसलो आहोत की फिर्यादी होऊन न्यायालयात, हे मला सांगता आले नसते.

मग २०२३ चा कापणीचा सण आला. हा आमच्याकडचा मोठा आनंदाचा दिवस. लोक शेतातले, परसातले पहिले पीक देवापुढे आणतात. वेदीपाशी बाजरीची कणसे, भोपळे, पेरूंच्या टोपल्या, अंडी, पाय बांधलेल्या कोंबड्या! उपासनेनंतर सगळ्याचा लिलाव होतो आणि एका भोपळ्याला कधी कधी किराणा भरेल एवढी किंमत येते. त्या दिवशी पाळकसाहेबांनी मला पुढे बोलावले. पेटी नाही, तबला नाही, तू एकटीने गा, म्हणाले. मी उभी राहिले. लहानपणापासून शेकडो वेळा म्हटलेले टिळकांचे भजन. सूर फार वर धरला गेला. दुसऱ्या कडव्याला आवाज फाटला आणि मी थांबले.

देवळात शांतता पसरली. कुठेतरी एक कोंबडी तेवढी ओरडली. तेवढ्यात मागच्या रांगेतून टाळ वाजला. एक म्हातारी बाई, अंगठाबहाद्दर, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. तिने माझ्याहून चार सूर खाली तेच भजन धरले. तिला पुस्तक लागत नव्हते. हळूहळू सारे देऊळ तिच्या मागे गेले, आणि मीही गेले. त्या दिवशी पहिल्यांदा त्या भजनातले शब्द माझ्या कानांवर पडले. इतकी वर्षे मी ते म्हणत होते, ऐकले नव्हते. मी गात होते ते चौघांच्या मैत्रीच्या आधाराने. पेटी माझा सूर सांभाळत होती, तबला माझा ताल. ते आधार निघून गेल्यावर माझे स्वतःचे किती होते? चार ओळीसुद्धा नाहीत.

त्या रात्री आजीच्या पायाला तेल चोळता चोळता मी तिला सगळे सांगितले. एसावाची गोष्टसुद्धा. आजी बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली,

“शंभर मेंढरांतलं एक हरवलं, ती गोष्ट तुला येते ना?”

“येते की.”

“मेंढपाळ कुठं गेला?”

“हरवलेल्याच्या मागं.”

“मग नव्व्याण्णवांजवळ कोण होतं?”

मी तेल लावायची थांबले. हा प्रश्न शब्बाथशाळेत कुणी विचारला नव्हता! आमच्या भागात धनगरांचे कळप उन्हाळ्यात रस्त्याने जाताना आपण सगळेच पाहतो. कळपातले मेंढरू माग काढीत नाही. ते पुढच्याच्या शेपटीमागे खाली मान घालून चालते. मी तशीच चालत होते. आणि वर स्वतःला मेंढपाळाची जवळची समजत होते.

आजी म्हणाली, “तुला त्याच्याजवळ राहायचंय ना? तर मग तो गेलाय तिकडं जा. बोलवायला नको जाऊस. नुसती जा.”

त्याच वर्षी वर्गात आम्हांला लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ अभ्यासाला होती. आमच्या घरात ते पुस्तक कपाटात होतेच. पण घरातले म्हणून ते मी कधी उघडले नव्हते. सरांनी ते शिकविताना ज्या गोष्टी सांगितल्या त्या जणू माझ्यासाठीच होत्या. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई दुःखाने वेड्यापिशा झाल्या, काही वर्षे नवऱ्यापासून दूर, नातलगांत राहिल्या. पुढे नगरकडे नवऱ्याजवळ राहायला आल्या त्यासुद्धा आपले सोवळे सांभाळून, आपला स्वयंपाक वेगळा ठेवून. टिळकांनी तिच्यावर बळजबरी केली नाही. एका छपराखाली दोन चुली पेटत होत्या. लक्ष्मीबाई ख्रिस्ती झाल्या त्या त्यांच्या स्वतःच्या पावलांनी, त्यांना उमगले तेव्हा. टिळकांनी तिला एसावाची गोष्ट सांगितली असती तर? मला वर्गात हसू आले आणि लगेच डोळ्यांत पाणी.

दुसरी गोष्ट याहून धक्का देणारी. ज्या टिळकांची भजने आम्ही दर रविवारी गातो, त्यांनीच १९१७ साली मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या कुणालाही त्यात जागा होती. दोनच वर्षांनी, १९१९ मध्ये, ते वारले. दरबार फार मोठा झाला नाही. पण मी जी रेघ ओढून बसले होते—आतले इकडे, बाहेरचे तिकडे—ती रेघ आमच्या गीतांच्या पुस्तकातल्या सर्वांत लाडक्या कवीनेच ओलांडली होती, आणि तीही ख्रिस्ताच्या अधिक जवळ जाण्यासाठी!

याचा अर्थ देवळात जाण्याची गरज नाही, असा मी काढला नाही. तसा काढणे सोपे होते. त्या टाळवाल्या म्हातारीने मला सावरले ते देवळातच. एकट्याने विश्वास धरता येतो, पण सूर फार वर धरला गेला तर खाली आणायला कुणीतरी लागते. मात्र मला एवढे कळले की बाक रिकामा झाला म्हणून त्यावर बसलेल्याने पहारेकरी होण्याचे कारण नाही.

मी आजीने सांगितल्याप्रमाणे गेले.

पेटीवालीच्या घरी गेले तेव्हा दार तिच्या आईने उघडले. मैत्रीण आतून म्हणाली, “देवळात चल म्हणायला आली असशील तर चहा पिऊन जा.” मी म्हणाले, “पेटी शिकायला आलेय.” मग धीर करून म्हणाले, “आणि त्या दिवशी मी बोलायला हवं होतं, ते सांगायला.” ती काही बोलली नाही. तिच्या आईने पदर डोळ्यांना लावला. बऱ्याच वेळाने मैत्रिणीने पलंगाखालची पेटी ओढली, वरची धूळ फुंकली आणि म्हणाली, “भाता ओढताना खांदा हलवू नको. नुसती बोटं.” आता मी दर गुरुवारी तिच्याकडे जाते. भजनाची चाल ती शिकवते. शब्द म्हणत नाही. मीही आग्रह करीत नाही. तिच्या भावाविषयी आम्ही कधी बोलतो, कधी नाही. देवाने त्याला का नेले, हे तिने विचारले तर मला उत्तर येत नाही, आणि ते येत नाही असे सांगण्याचे धैर्य आता माझ्यात आले आहे. कुणास ठाऊक, विश्वास वाढतो म्हणजे कदाचित हेच असेल. पूर्वी माझ्याजवळ सगळी उत्तरे होती.

घंटावाल्याला फोन केला तो असाच, रविवार सोडून. तो कंपनीच्या बसमध्ये होता. मी देवळाचा विषय काढला नाही, त्यानेच काढला. “दोर बदलला का गं? वरच्या कप्पीपाशी झिजला होता. तुटला तर कुणाच्या डोक्यात पडेल.” मी वर चढून पाहिले. खरोखरच झिजला होता! दीड वर्ष जो माणूस देवळात आला नव्हता, त्याला दोराची काळजी होती. आणि त्या दोराखालून दर रविवारी आत जाणाऱ्या आम्हां कुणालाच नव्हती. पाळकसाहेबांना सांगून दोर बदलून घेतला.

सर्वांत अवघड वाट झेरॉक्सच्या दुकानाची. तीन वेळा रस्त्यावरूनच परत आले. चौथ्या वेळी आत गेले. या वेळीही गिऱ्हाईक होतेच, बरेच झाले. अपमान चारचौघांत केला होता, क्षमाही चारचौघांत मागितली. त्याने यंत्र बंद केले. म्हणाला, “दाखल्याचं अजून काही ठरवलं नाही मी. ठरवलं तरी तुला सांगेनच असं नाही.”

“नको सांगूस.”

“आणि मी येणार नाही.”

“बरं.”

थोडा वेळ गेला. मग बाहेर रस्त्याकडे पाहत तो म्हणाला, “आईचे गुडघे दुखतात. चढाला त्रास होतो तिला. जाताना तिला सोबत नेत जाशील?”

तेव्हापासून रविवारी पहिली घंटा झाली की मी त्यांच्या घरी जाते. मावशी लुगड्याच्या निऱ्या सावरीत उंबऱ्यात तयार असतात. माझ्या खांद्यावर हात टाकून त्या चालतात. चढावर तीन ठिकाणी थांबावे लागते. अनेकदा दुसरी घंटा आम्ही वाटेतच ऐकतो आणि पहिले गीत सुरू झाल्यावर आत शिरतो. पूर्वी मी वेळेच्या आधी पोचत असे, आणि उशिरा येणाऱ्यांकडे मान वळवून पाहत असे!

मावशी माझ्या शेजारी, तबलेवाल्याच्या जागेवर बसतात. त्यांच्या मुलाचे नाव त्या प्रार्थनेत मोठ्याने घेत नाहीत. ओठ तेवढे हलतात. मी शेजारी बसून तेच नाव मनात घेते. त्याने परत यावे म्हणून नव्हे. त्याचे बरे व्हावे, त्याला न्याय मिळावा, एवढ्यासाठी. परत येणे वा न येणे हा त्याचा आणि देवाचा प्रश्न आहे, आणि त्या दोघांमध्ये मी चोपदार नाही.

मित्रमैत्रिणींनो, आपण सगळे या वर्षी हे महाविद्यालय सोडून वेगवेगळ्या वाटांना लागणार. प्रत्येकाचा कुठे ना कुठे एखादा रिकामा बाक असेल. कुणाचा देवळातला, कुणाचा चळवळीतला, कुणाचा घरातला. त्यावर मागे उरलेल्याला वाटते की आपण टिकलो, बाकीचे गेले. मलाही तसे वाटत होते. आता वाटत नाही. गेल्या रविवारी मी पहिल्यांदा उपासनेत पेटी वाजविली. दोन ठिकाणी चुकले. मावशींनी मांडीवर ताल धरला होता, तो मात्र एकदाही चुकला नाही. मुलगा तबला शिकला तो कुणापासून, हे मला त्या दिवशी समजले.